मान घासून उजळणार नाही, काकू

पत्र, थोडक्यात:

"मी सुदामा नगरात राहते, वय 68. घरात आम्ही दोघं, मुलगा, सून आणि अकरा वर्षांचा नातू. त्याला इथे बाळ्या म्हणते. शाळेच्या तपासणीत त्याचं वजन जास्त निघालं, कार्डावर लाल शेरा आला. सुनेनं कुठूनसा डाएटचा तक्ता आणला. सकाळी ओट्स, रात्री नुसतं सॅलड आणि सूप. भात बंद, तूप बंद. आम्ही बाकीचे चौघं त्याच टेबलावर नेहमीचं जेवतो. पोर माझ्या खोलीत येतं, 'आजी, भूक लागली' म्हणतं. मी तूप-साखर लावून पोळीची सुरळी हातात देते. परवा सुनेनं पाहिलं. म्हणाली, 'आई, तुमच्या लाडानं त्याला आजारी पाडलंय.' त्या रात्री मी जेवले नाही. त्याच्या गादीखाली वेफर्सची रिकामी पाकिटंही सापडली, ती काही मी दिलेली नव्हती. हल्ली तो घोरतो, खाली खेळायला जात नाही, मुलं 'मोटू' म्हणतात. मानही काळी पडलीय, रोज बेसन-साय लावून घासते पण जात नाही. नातवाला खायला घालणं हा गुन्हा झाला का? मी बाजूला होऊ का?"
एक आजी, इंदूर

काकू, नमस्कार.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, आणि त्यात जे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय तिथेच मी थांबले. मान काळी पडलीय, घासून जात नाही. ते घासणं आजपासून बंद करा. तो मळ नाही. मानेच्या मागे, काखेत, कधी कोपराच्या आतल्या बाजूला कातडी अशी जाडसर, मखमलीसारखी काळपट होते, तेव्हा बहुतेक वेळा शरीराला इन्सुलिन फार जास्त तयार करावं लागत असतं. रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवायचं काम या इन्सुलिनचं. अंगावर, त्यातून पोटावर, चरबी वाढली की पेशी त्याला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि त्या जादा इन्सुलिनमुळे मानेची कातडी जाड होत जाते. बेसनानं ती सोलवटेल, उजळणार नाही. वजन आटोक्यात आलं की बहुतेक मुलांची मान हळूहळू फिकी पडते. हे मी कितीतरी मुलांत डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून बाकीचं सगळं नंतर, आधी बालरोगतज्ज्ञ. याच आठवड्यात. मान दाखवा आणि घोरण्याचंही सांगा, कारण मूल रोज घोरत असेल तर झोप मोडते, आणि झोप मोडलेल्या मुलाला दिवसभर जास्त भूक लागते. डॉक्टर उंची-वजन घेऊन भारतीय मुलांच्या वाढीच्या तक्त्यावर मांडतील. मोठ्या माणसांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, मोबाइलवर काढून मुलाला लावू नका, मुलांचं मोजमाप वयाप्रमाणे बदलतं. रक्तदाब बघतील, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि लिव्हरची तपासणी करायची का ते ठरवतील. 2016 ते 2018 या काळात देशभर मुलांची मोठी पोषण पाहणी झाली. तिच्यात शाळकरी मुलांपैकी दहांत एकाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली होती. काही हडकुळ्या मुलांचीही. घाबरवायला हे लिहीत नाही. या वयात हा उंबरठा मागे ओलांडता येतो, आणि तेही बऱ्याच सहज, कारण उंची वाढायची अजून बाकी आहे. डॉक्टर कदाचित तुम्हाला सांगतील की वजन उतरवायचंच नाही, आहे तिथे धरून ठेवायचं. उंची चार बोटं वाढली की हिशेब आपोआप सुधारतो. आणि म्हणूनच अकरा वर्षांच्या मुलाला सूप-सॅलडवर ठेवणं चूक आहे. त्याची हाडं, स्नायू आता भरायचे आहेत.

आता तुमचा प्रश्न. गुन्हा झाला का?

एका पोळीवर चमचाभर तूप आणि दोन चमचे साखर म्हणजे पोळी सोडून पंचाऐंशी-नव्वद कॅलरी. गादीखालचं वेफर्सचं पन्नास ग्रॅमचं एक पाकीट म्हणजे अडीचशेच्या वर. अडीचशे मिलिलिटर कोलात पाच चमच्यांहून जास्त साखर असते आणि पोट भरल्याची जाणीव शून्य. म्हणजे बाळ्याचं वजन तुमच्या सुरळीनं वाढलेलं नाही. पण ती सुरळी तुम्ही दार लोटून दिलीत, काकू, ते मात्र चुकलं. मुलगा त्यातून काय शिकला? भूक लागणं ही लपवायची गोष्ट आहे, आणि खाणं ही चोरून करायची. पाकिटं गादीखाली गेली ती त्याच रस्त्यानं. तो रस्ता एकट्या तुम्ही बांधलेला नाही. चौघं वरण-भात जेवत असताना पाचव्यापुढे काकडीच्या चकत्या ठेवल्या तेव्हाच तो सुरू झाला.

हे मी एवढं ठामपणे लिहिते कारण मी स्वतः हे करून बसले आहे. आहारतज्ज्ञ म्हणून व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक बारा वर्षांची मुलगी माझ्याकडे आली होती. मी तिला नीट रकाने आखून तक्ता करून दिला, आईला म्हटलं, काटेकोर पाळा. दोन महिन्यांत तीन किलो उतरले, मला केवढा अभिमान वाटला. सहाव्या महिन्यात आई एकटीच आली. मुलगी लग्नाकार्यात पंगतीला बसत नाही, घरी कोणी नसलं की डब्यातले लाडू उभ्या उभ्या संपवते आणि मग रडते, असं तिनं सांगितलं. वजन पूर्वीपेक्षा जास्त झालं होतं. त्या मुलीला मी आजार दिला. त्यानंतर मी एकट्या मुलासाठी तक्ता करून देणं कायमचं सोडलं. घरातली सगळी माणसं समोर बसल्याशिवाय मी बोलतच नाही.

एका अख्ख्या देशानंही हीच चूक करून पाहिली आहे. सिंगापूरमध्ये 1992 साली शाळांत एक मोहीम सुरू झाली. जाड मुलं वेगळी काढायची, इतर मुलं मधल्या सुट्टीत असताना त्यांच्याकडून जादा व्यायाम करून घ्यायचा. आकडे काही काळ खाली आलेही. पण वेगळं काढल्याचा ओरखडा मुलांच्या मनावर राहतो, चिडवाचिडवी वाढते, अशी टीका वाढत गेली. 2007 मध्ये ती मोहीम बंद करून सगळ्याच मुलांसाठीचा कार्यक्रम आणावा लागला. तुमच्या टेबलावरचं ते सॅलडचं ताट हे त्या मोहिमेचं घरगुती रूप आहे.

आता थोडं तुमच्या पिढीविषयी. तुम्ही लिहिलंय की तुमच्या लहानपणी अंगावर मांस नसलेलं पोर म्हणजे घराची लाज होती, आणि "खात्यापित्या घरचा दिसतो" ही शाबासकी. हे मला पूर्ण समजतं. टंचाई पाहिलेल्या माणसाच्या हाताला वाढताना आवरतं घेणं जमत नाही. पण बाळ्या अकरा वर्षांचा आहे, आता त्याला बाळसं म्हणता येणार नाही. आणि आपल्या लोकांच्या बाबतीत एक गोष्ट आहे जी त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हती. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय तंतोतंत एक, 22.3. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्यात 21.2 टक्के. एकाच वजनाच्या कपड्यात आपण दुप्पट चरबी बाळगतो. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली तान्ही मुलंही मोजली. ती इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, साधारण 2.7 किलोची, तिकडची साडेतीनची. कमी भरलं होतं ते स्नायूंत आणि अवयवांत. चरबी मात्र फारशी कमी नव्हती. म्हणजे आपली बाळं दिसायला बारीक आणि आतून चरबी धरून ठेवणारी. अशा मुलाला पुढे बसून खायला मिळालं की साखर आणि रक्तदाब लवकर गाठतात. म्हणूनच भारतीय मोठ्या माणसांसाठी जादा वजनाची रेघ बीएमआय 25 वरून 23 वर आणली आहे.

घरात करून बघण्यासारखी एक साधी गोष्ट. सुतळी घ्या. तिला आपल्या उंचीएवढी कापा, मग दुमडून अर्धी करा. ती अर्धी सुतळी बेंबीपाशी कमरेभोवती पुरली तर ठीक, टोकं जुळली नाहीत तर पोट जास्त आहे. पाच वर्षांच्या पुढच्या सगळ्यांना हे लागू पडतं. पण बाळ्याला एकट्याला उभं करून मोजू नका. तुम्ही, आजोबा, मुलगा, सून, सगळ्यांच्या सुतळ्या कापा. माझा अंदाज आहे की त्या दिवशी घरातला वाद पुष्कळच शांत होईल, कारण निदान दोन मोठ्यांची टोकं जुळायची नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे 2015-16 मध्ये देशातल्या 20.6 टक्के बायकांचं वजन जास्त होतं, 2019-21 मध्ये 24 टक्क्यांचं. पुरुष 18.9 वरून 22.9 वर गेले. पाच वर्षांत एवढ्या लोकांची जीभ काही सुटलेली नाही. त्यांच्याभोवतालचं जग बदललं.

आणि भोवतालचं जग बदलून माणसाची सवय बदलता येते हे आपल्याला, इंदूरकरांना, कोणी बाहेरून येऊन सांगायला नको. काकू, आठवा 2015 च्या आधीचं आपलं शहर. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची पेटी, भोवती गाई आणि डुकरं. तेव्हाही भिंतींवर "स्वच्छता राखा" लिहिलेलंच होतं, आणि आपण तिथेच पिशवी भिरकावत होतो. मग रोज ठरल्या वेळी गाडी दारात यायला लागली. ओलं-सुकं वेगळं न देणाऱ्याचा कचरा परत जायला लागला, दंड बसायला लागला, पेट्या उचलल्या गेल्या. 2017 मध्ये आपण देशात पहिले आलो आणि नंतर वर्षानुवर्षं पहिलेच राहिलो. लोक तेच होते. योग्य गोष्ट करणं सोपं झालं आणि चुकीची गोष्ट करणं अवघड. बाळ्याच्या बाबतीत मला नेमकं हेच हवंय. त्याला "मन मार" म्हणून सांगायचं नाही, घराची, गल्लीची, शाळेची मांडणी हलवायची.

फ्रान्सच्या उत्तरेला फ्लरबे आणि लावांती नावाची दोन छोटी गावं आहेत. 1992 पासून तिथल्या शाळांत मुलांना खाण्यापिण्याचे धडे द्यायला लागले. पहिली काही वर्षं वजनावर काहीच फरक नाही. नुसत्या धड्यांनी होत नाही हे कळल्यावर हळूहळू गावातले डॉक्टर, दुकानदार, क्रीडा मंडळं, नगरपालिका, सगळे उतरले. 2004 मध्ये तिथल्या मुलांत जास्त वजनाचं प्रमाण 8.8 टक्के होतं, तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत 17.8. मात्र यासाठी बारा वर्षं लागली. हेही लक्षात ठेवा आणि पहिल्याच महिन्यात काट्यावर जाऊ नका.

आता स्वयंपाकघर. इथे तुमचाच शब्द चालतो, म्हणून हे तुम्हाला. (बाजूला कसल्या होताय!)

तेलाची पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर पेनानं तारीख लिहा. एवढंच. महिनाभर कोणालाही काही सांगू नका, फक्त तारखा लिहीत जा. बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला तेल-तूप-लोणी सगळं मिळून चार-पाच चहाचे चमचे पुरतं. महिन्याला माणशी पाऊण किलोच्या आत, पाच जणांच्या घराला सगळं मिळून पावणेचार किलो. मी ज्या ज्या घरी हे करायला लावलं तिथे पहिल्या महिन्यात सहा-सात निघाले, आणि दरवेळी घरची बाई म्हणाली, "अहो, आम्ही तर तळत नाही काही!" मग लक्षात येतं की फोडणीची पळी सरळ डब्यात जाते आणि भरून येते. पळी काढून चमचा ठेवा. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये घरचं तेल दहा टक्के कमी करा असं सांगितलं होतं, त्याआधी केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची "आज से थोडा कम" ही मोहीम झाली. दोन्हींमागचा विचार मला पटतो. एकदम बंद केलेलं दुसऱ्या रस्त्यानं घरात येतं, थोडं थोडं कमी केलेलं जिभेला कळतही नाही.

तूप बंद करू नका. वरण-भातावर चमचाभर तूप सगळ्यांना, बाळ्यालाही, उघड. भातही बंद नको, पण ताटातली जागा बदला. आपण आधी भाताचा डोंगर करतो आणि भाजी त्याच्या पायथ्याशी कशीबशी उभी राहते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये जी आहारसूत्रं दिली त्यांत धान्यातून येणारी ऊर्जा 45 टक्क्यांपर्यंत ठेवायला सांगितलंय. आपल्याकडे ती 50 ते 70 टक्के असते आणि डाळी-उसळी फार मागे पडतात. म्हणून अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, एक वाटी घट्ट वरण किंवा मोडाची मटकी, मग उरलेल्या जागेत पोळी-भात. शाळेतून आल्यावरची पाच वाजताची भूक ही खरी भूक असते, तिला सूप पुरत नाही. त्या वेळेला मुगाचं धिरडं, थालीपीठ आणि ताक, उकडलेले चणे, मोसमात भाजलेला भुट्टा, अंडं चालत असेल तर अंडं. तुमची सुरळीसुद्धा ठेवा. आत तूप-साखरेऐवजी चमचाभर दाण्याची चटणी किंवा घट्ट पिठलं भरा, आणि सगळ्यांसमोर त्याच्या हातात द्या. आजीच्या हातचं खाणं त्याच्या आयुष्यातून काढायचं नाहीये.

शेव. आपल्या घरांत शेव ही भाजी, फरसाण, तोंडीलावणं, रात्रीची सोबत, सगळं असते. शंभर ग्रॅम शेवेत 35 ते 40 ग्रॅम चरबी, वर मीठ. ती टेबलावरच्या बरणीतून काढून वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात ठेवा. वेफर्स, कोला, आंब्याची पेयं घरात आणायचीच नाहीत, कोणासाठीच नाही. तुमच्या मुलाला रात्री मॅच बघताना लागतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांनी ती महिनाभर सोडावीत. बाप सोडतो हे मुलानं पाहिलं पाहिजे.

आजोबांची रविवारची छप्पनवारी, म्हणजे आपल्या छप्पन दुकानांच्या खाऊगल्लीतली फेरी, मात्र मोडू नका. मला ते वाचून खरंच बरं वाटलं. आजोबा-नातू सकाळी एकत्र बाहेर पडतात ही आजच्या दिवसांत दुर्मीळ गोष्ट. आणि इंदूरचे पोहे हे मुळात वाईट खाणं नव्हेच. वाफेवर ठेवलेले, तेल बेताचं. गडबड वरच्या मूठभर शेवेत आहे आणि शेजारच्या जिलबीत. शेव चिमूटभर, कांदा, लिंबू, जिरावण मसाला हवं तेवढं. उसळ-पोहे मिळाले तर उत्तमच, मटकीमुळे पोट दुपारपर्यंत टिकतं. जिलबी दोघांत एक, आणि तीही मजेत, "पाप करतोय" असा चेहरा न करता. शनिवार रात्रीचा सराफ्यातला खाऊबाजार मात्र मला नको आहे. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावर तो भरतो, घरी यायला बारा वाजतात. या वयात नऊ ते बारा तास झोप लागते आणि कमी झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी गोडावर तुटून पडतं. कधी पाहुणे आले, सणवार असला तर जा, दर शनिवारी नको.

खेळण्याचं. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं घाम येईल अशी हालचाल सांगते. जिमची फी भरू नका, ट्रेडमिल आणू नका. ज्या मुलाला "मोटू" म्हणून हिणवलंय त्याला एकदम मैदानात ढकललं तर तो कायमचा मैदान सोडेल. सुरुवात तुमच्यासोबत. संध्याकाळी अन्नपूर्णेच्या देवळापर्यंत पायी जा, येताना भाजीची एक पिशवी त्याच्या हातात. तुमचे गुडघे दुखतात म्हणालात, तर मध्ये बसा, त्याला पुढे पळू द्या. घरी येऊन आजोबांनी गच्चीवर त्याला वीस चेंडू टाकावेत. तुमचे यजमान होळकर संघाच्या चार रणजी करंडकांच्या गोष्टी सांगतात असं लिहिलंयत, तर गोष्ट सांगताना चेंडूही टाकता येतो. महिन्याभरात त्याचा दम वाढला की मग बाहेरची मुलं. तोवर "मोटू" म्हणणाऱ्यांत घरातलं कोणी नाही ना, ते बघा. तुमच्या पत्रात एके ठिकाणी मामा त्याला लाडानं "गोलू" म्हणतो असं आहे. तेही नको.

कॉलनीच्या बागेत "बॉल खेळण्यास मनाई" अशी पाटी आहे ना? ती पाटी बाळ्याच्या आजाराचं एक कारण आहे, असं मी शब्दशः मानते. बाग फिरणाऱ्यांची आणि बाकांवर बसणाऱ्यांची झाली, मुलं मोबाइलकडे गेली. कॉलनीतल्या चार आज्या मिळून पार्षदांकडे, म्हणजे नगरसेवकांकडे, जा. सगळी बाग मागू नका, संध्याकाळी पाच ते सात एक कोपरा मागा. आज्यांना कोणी नाही म्हणत नाही. सितोलिया, म्हणजे लगोरी, खेळायला सात फरशीचे तुकडे आणि एक चेंडू लागतो, आणि त्यात पळणं भरपूर होतं.

शाळेशी सूनबाईंनी बोलावं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. शाळेच्या आत आणि फाटकापासून 50 मीटरांत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत. बाळ्याची पाकिटं बहुधा त्या फाटकापासूनच येतात. शाळा सीबीएसईची असेल तर मे 2025 मध्ये मंडळानं सगळ्या संलग्न शाळांना "शुगर बोर्ड" लावायला सांगितलंय. कोणत्या पेयात किती साखर, हे मुलांना दिसेल असा फलक. तो लागलाय का विचारा. नसेल तर पालकसभेत तीन-चार पालकांनी मिळून मागा, एकट्या आईनं मागितलं की तिच्या मुलाकडे बोट जातं. सूर्यनमस्कार 12 जानेवारीला सगळ्या शाळेत होतात, पण खेळाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला जातो. त्याबद्दलही विचारा.

आता हा कागद सूनबाईंना द्या. पुढचं त्यांच्यासाठी आहे.

ताई, तुम्ही घाबरलात आणि जे हाताशी आलं ते केलंत. बँकेतून सात वाजता घरी येऊन, शाळेच्या कार्डावर लाल शेरा बघून कुठलीही आई हेच करेल. कार्ड बघून तुम्ही ते कपाटात सरकवलं नाहीत, घरातल्या बाकी तिघांनी सरकवलं असतं, हे सासूबाईंनीच लिहिलंय. पण तो तक्ता आज फाडा आणि बाळ्याच्या समोर फाडा. त्याला सांगा, हे आमचं चुकलं, आता आपण सगळे एकच जेवणार आहोत. गादीखालच्या पाकिटांबद्दल एक अक्षर बोलू नका. भूक उघड भागायला लागली की ती आपोआप बंद होतात. आणि सासूबाईंना जे बोललात ते मागे घेता येईल तसं घ्या. तुम्ही सात वाजता येता, मुलगा तीनला येतो. मधले चार तास ज्या बाईच्या हातात आहेत तिला शत्रू करून हे काम होणार नाही.

काकू, डॉक्टरकडे जाताना दोघी जा. तीन महिन्यांनी त्याच डॉक्टरांना परत दाखवा, तोवर घरातला काटा पलंगाखाली राहू द्या. तेलाच्या पिशवीवरची पहिली तारीख मला कळवा.